शर्यतीकडे पाठ

मामांच्या दुकानासमोर घोडा उभा करायला बंदी होती. ज्या माणसाचं पोट घोड्याच्या खोगिरावर चालतं, त्यानं घोड्यालाच दारात उभं राहू देऊ नये, हे ऐकून कोणीही म्हणेल की म्हातारा सटकलेला दिसतोय. थोडासा होताच. नाशिक रोडला स्टेशनातून बाहेर पडून टांग्यांचा अड्डा ओलांडला की डाव्या हाताला त्यांचं दुकान. खोगीर दुरुस्तीला आणणाऱ्या मोतद्दारानं घोडा अड्ड्यापलीकडच्या चिंचेला बांधायचा, खोगीर खांद्यावर टाकून पायी यायचं आणि घोड्याचा रंग, उंची, चाल यातलं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. कोणी चुकून "मामा, आमचा काळा घोडा आहे ना..." अशी सुरुवात केली की मामा हातातली आरी खाली ठेवत आणि दोन्ही कानांत बोटं घालत. साठी उलटलेला माणूस, डोक्याला टापटीप पागोटं, आणि कानांत बोटं.

"डोळा लाचखाऊ असतो, कारकून," ते मला म्हणत. "घोड्याची तुकतुकी बघितली, मानेचा बाक बघितला, की लगेच घोड्याच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा राहतो. हाताला असलं काही जमत नाही. हात बिचारा साधा आहे."

मला ते शेवटपर्यंत कारकूनच म्हणाले. होतोच मी कारकून. देवळालीच्या छावणीत एका कचेरीत टाइपरायटर बडवायचो, आणि बिऱ्हाड इथे, मामांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. म्हणजे ते आमचे घरमालकही होते. आमची ही आणि मामी यांचा पाण्यावरून रोज वाद आणि रोज समेट. त्यात आम्हा दोघा पुरुषांना कोणी विचारत नसे, म्हणून संध्याकाळी आम्ही पुढे दुकानात येऊन बसायचो.

हे सगळं दुसऱ्या लढाईच्या आधीचं. थंडी पडली की छावणीमागच्या माळावर साहेबलोकांच्या घोड्यांच्या शर्यती लागायच्या. नुसत्या सपाट पळायच्या नव्हेत, उड्यांच्या. तीन मैलांत बारा अडथळे: काटक्यांची कुंपणं, लाकडाचे ओंडके, एक पाण्यानं भरलेला चर. साहेब स्वतःच बसायचे, स्वतःच पडायचे आणि पडल्यावर आणखी खुशीत दिसायचे. नाशकातल्या द्वारकेच्या नाक्यापासून टांगे भरभरून लोक बघायला यायचे, आणि त्यातले निम्मे वाटेत मामांच्या दुकानाशी उतरायचे. कारण मामांना कळायचं. कोणता घोडा कितव्या कुंपणाशी कच खाईल, कोणता पाणी बघून अंग चोरेल, कोण शेवटच्या अर्ध्या मैलात मोडेल, हे त्यांना शर्यतीआधी कळायचं. आणि त्यांनी जन्मात एकही शर्यत पाहिलेली नव्हती.

ते खोगीर वाचायचे. दुसरा शब्द मला सापडत नाही. खोगिराच्या पोटाशी, घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या बाजूला, लोकरीनं भरलेल्या दोन गाद्या असतात, कण्याच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक. मामा डोळे मिटून त्या गाद्यांखाली हात घालायचे आणि अंगठ्यानं इंचाइंचानं दाबत जायचे. पुढची लोकर दबली असेल तर घोडा उडी उंच घेतो पण उतरताना तोंडघशी येतो. मागची दबली असेल तर तो कुंपणापुढे मागे रेलतो, म्हणजे भितो. मग घामाचा मिठासारखा पांढरा पट्टा कुठवर आलाय तो बघायचे, वास घ्यायचे, आणि पाच-दहा मिनिटं गप्प बसायचे. त्या वेळात मामींनी चहा आणला तरी तो निवून जायचा. मामी म्हणायच्या, "माझ्याकडे इतकं निरखून बघितलं असतं तर माझं कोटकल्याण झालं असतं."

आपण नुसत्या जागा अडवणाऱ्या गर्दीला खोगीरभरती म्हणतो ना, त्या शब्दाचा मामांना भयंकर राग. एकदा निवडणुकीच्या सभेत कोणी वक्ता समोरच्या पक्षाला खोगीरभरती म्हणाला, तर मामा भर सभेतून उठून आले. "एक खोगीर भरून दाखव म्हणावं," एवढंच घरी येऊन बोलले आणि जेवले. भरती हा त्यांचा धर्म होता. दोन्ही गाद्यांची लोकर ते सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यायचे. डावीकडे मासाभर जास्त झाली तर सगळं उसवून पुन्हा. "वाकडं खोगीर म्हणजे मुक्या जनावराच्या पाठीवर खोटी साक्ष," म्हणायचे. साक्षीपुराव्याची भाषा त्यांना फार. कोर्टाची पायरी मात्र कधी चढले नव्हते.

पारख झाली की ते चामड्याची बोटभर पट्टी कापायचे. एका बाजूला त्या खोगिराची खूण कोरायची आणि दुसऱ्या बाजूला आरीनं भोकं पाडायची. घोडा जिंकण्याची आशा सोळा आण्यांच्या रुपयात किती आणे, तितकी भोकं. चार आणे आशा असेल तर चार, दहा आणे असेल तर दहा. बाराच्या वर गेलेली पट्टी मी क्वचित पाहिली. सोळा भोकं कोणाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"मेलेल्या घोड्याला," मामा म्हणाले. "त्याचं पुढे काय होणार, ते सोळा आणे ठाऊक असतं."

पट्ट्या जायच्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात. डबा मामींच्या धान्याच्या कोठीत, आणि कोठीची किल्ली मामींच्या कमरेला. शर्यत शनिवारी. डबा उघडायचा सोमवारी संध्याकाळी. म्हणजे ज्याच्यासाठी नाशिकचे शौकीन लोक दुकानासमोर ताटकळायचे, ते ज्ञान शर्यत संपून दोन दिवस झाल्यावर बाहेर यायचं. कोणी पेढे आणले तर मामा पेढे खायचे. एकानं तर काळारामाची शपथ घातली. मामांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि टाके घालायला लागले.

"मग उपयोग काय हो या सगळ्याचा?" मी चिडून विचारायचो.

"मला कळलं होतं की नाही, हे मला कळायला नको?"

सोमवारी डबा उघडताना आम्ही दोघंच असायचो. एक मी आणि दुसरे एकलहऱ्याचे गणपतराव. त्यांचा मळा तिकडे नदीकाठी होता. ते वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला यायचे आणि परतताना इथे टेकायचे. "उघडा की मामा, लय झालं, बैल खोळंबलेत माझे," असं दर सोमवारी म्हणायचे, आणि दर सोमवारी अंधार पडेपर्यंत बसायचे. मी शर्यतीचा निकाल वाचायचा, मामा एकेक पट्टी काढून भोकं बोटानं चाचपायचे. दहातले आठ अंदाज बरोबर निघायचे. चुकला तर मामा ती पट्टी आठवडाभर खिशात घेऊन हिंडायचे.

आणि एक कायदा होता. डब्यातलं दुकानाबाहेर जायचं नाही, शर्यत झाल्यावरसुद्धा नाही. "गेल्या शनिवारी पळालेला घोडा पुढच्या शनिवारी पळणार असतो ना? त्याच्या नावाला डाग कशाला?" मामा म्हणत. गणपतरावांनी तो कायदा पाळला. मी नाही पाळला. मला कचेरीत फुशारकी मारायची होती. आपला घरमालक म्हणजे केवढा अवलिया, हे चार लोकांना सांगितल्याशिवाय माझ्या पोटात अन्न पचत नव्हतं. हेडक्लार्कला सांगितलं, त्यानं कोणाला सांगितलं, आणि बघता बघता साहेबांच्या मेसमध्ये त्या डब्याची थट्टा आणि कौतुक दोन्ही सुरू झालं. आज ऐंशीच्या घरात आलोय, तरी या एका गोष्टीची मला लाज वाटते.

तोफखान्याचा एक साहेब होता. पहिल्या लढाईत जखमी झालेला, वयानं पन्नाशीचा, तोंडानं फटकळ पण मनानं वाईट नाही. त्याची एक घोडी होती. तिचं इंग्रजी नाव भलंमोठं होतं. तिचा मोतद्दार कादरभाई तिला मैना म्हणायचा. कादरभाई जुन्या नाशकातला. घरी चार पोरं, पण बोलणं सगळं मैनेचं. ही मैना दोन हिवाळे उड्यांच्या शर्यतीत पळत होती आणि दोन्ही हिवाळे तिनं हात टेकले होते. सहाव्या कुंपणापर्यंत बरी जायची, मग उजवीकडे कलायची, अडखळायची, आणि शेवटून पहिली यायची. मामांच्या डब्यात तिची पट्टी नेहमी दोन भोकांची. उजवी गादी साफ बसलेली असायची. "उजव्या मागच्या पायात कायमची कळ आहे हिच्या," मामा म्हणायचे. "उतरताना ते अंग टाकते. काही व्हायचं नाही हिच्या हातून."

त्या हिवाळ्यात साहेबाची नोकरी संपली आणि तो विलायतेला परत निघाला. सामानाची यादी टाइप करायला माझ्याकडे आली. मेजं, खुर्च्या, बंदुका, तीन घोडे. दोन घोड्यांना गिऱ्हाईक लागलं होतं. मैनेच्या नावापुढे जागा रिकामी होती. साहेबानं माझ्या टेबलाशी येऊन मोडक्या हिंदुस्थानीत हसत हसत विचारलं, "तुम्हारा जीनवाला क्या बोलता, बाबू? इसको कितना आना?"

आणि मी, वरच्या साहेबानं आपल्याला काही विचारलं या आनंदात, उभा राहून म्हणालो, "दो आना, सर."

त्यानं यादी आपल्याकडे ओढली. मग त्यानं पेन्सिलीनं तिच्या नावापुढे लिहिलं: गोळी. साहेबलोकांत ती रीतच होती. टांग्याला जुंपून उपाशी मरण्यापेक्षा आपल्या हातानं गोळी घातलेली बरी, असं ते समजत. मी ते तसंच टाइप केलं. माझ्या दोन आण्यांनीच ते लिहिलं गेलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी कादरभाई दुकानात आला. खोगीर खांद्यावर होतं, पण त्यानं ते खाली ठेवलं नाही. उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "मामू, तुमच्या भोकांनी माझी मैना मारली."

मामांना काही उमगेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मग मला सगळं सांगावं लागलं, हेडक्लार्कपासून पेन्सिलीपर्यंत. मला वाटलं, आता हा माणूस मला बिऱ्हाडातून काढणार. ते कादरभाईकडे वळले. त्यांनी फक्त विचारलं, "कधी?"

"सोमवारी सकाळी," कादरभाई म्हणाला. "मी साहेबाचे पाय धरले. तो म्हणाला, शनिवारी शेवटची शर्यत आहे, मी बसतो. पहिल्या तिघांत आली तर पुण्याचा एक सौदागर तिला घ्यायला तयार आहे. नाही आली तर सोमवार. पण मामू, ती वाईट नाही हो. पहाटे मी फिरवतो ना, तेव्हा पाखरासारखी उडते. तीच कुंपणं, तोच माळ."

मामांचे हात थांबले. "तू कुठल्या खोगिरावर बसतोस?"

"मला कुठलं खोगीर? नुसती घोंगडी टाकतो पाठीवर."

"आणि उजवीकडे कलते?"

"एकदा नाही कलली."

मामांनी खोगीर त्याच्या खांद्यावरून घेतलं आणि उजव्या गादीवर अंगठा दाबून पाहिला. मग आत वळून ओरडले, "अगं, उद्या सकाळी माझं धुतलेलं धोतर काढून ठेव. देवळालीला जायचंय."

मामी हातातली परात घेऊनच बाहेर आल्या. "कशाला?"

"घोडा बघायला."

मामींनी परात खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

बुधवारी उजाडायच्या सुमारास आम्ही टांग्यातून निघालो. टांगा ओढायला घोडाच होता, त्यामुळे मामा रस्ताभर मागे तोंड करून बसले. माळावर धुकं होतं. कादरभाईनं मैनेला आणलं तेव्हा मामांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही, माझा दंड धरून खाली मातीकडे बघत उभे राहिले. मग हळूच मान वर केली. पिंगट रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, कानांची टोकं सतत हलणारी घोडी. "काय देखणी आहे रे," मामा पुटपुटले, आणि त्यांच्या आवाजात मला जरा भीती ऐकू आली. आयुष्यभर ज्या लाचेला ते भ्यायले होते, ती समोर उभी होती.

मग सरावासाठी साहेब आला. डावा पाय किंचित ओढत आला, कादरभाईच्या हातावर जोर देऊन रिकिबीत चढला आणि बसला. तेवढंच. घोडी एक पाऊलही चालली नव्हती, आणि मामा मटकन खाली मातीत बसले.

मी घाबरलो. म्हटलं, चक्कर आली की काय. ते म्हणाले, "बघितलंस? डावी मांडी त्याला धरतच नाही. जखम असेल जुनी. सगळा भार उजवीकडे टाकतो. उडीतून उतरला की एवढा धिप्पाड माणूस तिच्या उजव्या अंगावर कोसळतो. ती कलेल नाही तर काय करील?" थोड्या वेळानं म्हणाले, "दोन वर्षं मी घोडी वाचतोय असं समजत होतो, कारकून. मी साहेब वाचत होतो."

"पण अंदाज तर बरोबर निघत होते," मी म्हटलं.

"म्हणून तर कळलं नाही."

परत येताना टांग्यात मी म्हटलं, साहेबाला सांगून बघू, त्यानं दुसरा कोणी बसवावा. मामा म्हणाले, "सांग. उद्या कचेरीत गेल्यावर सांग की साहेब, तुम्हाला बसता येत नाही." नोकरी करणाऱ्या माणसाची जीभ किती लांब असते ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

गुरुवारी दुपारी मामांनी मैनेचं खोगीर उसवलं. नवी लोकर पिंजली. मी कचेरीत पोटदुखीचं निमित्त सांगून घरी होतो, म्हणून हे सगळं बघितलं. नेहमीप्रमाणे त्यांनी काटा पुढे ओढला, डावीकडची लोकर तोलली, भरली, टाके घातले. मग काटा उचलून फळीवर उपडा ठेवला आणि उजव्या गादीत हातानं भरायला लागले. एक मूठ जास्त. थांबले, दाबून पाहिलं. आणखी एक मूठ. साहेब जितका उजवीकडे बुडतो, तितकं खोगीर त्याला उजवीकडून वर उचलून धरेल, असा हिशेब होता. वर्षानुवर्षं ज्याला ते खोटी साक्ष म्हणत आले, ती ते स्वतःच्या हातानं शिवत होते. कपाळाला घाम होता. मामी दारात उभ्या होत्या. शेवटचा टाका झाल्यावर मामांनी चामड्याची पट्टी कापली, आमच्याकडे पाठ करून भोकं पाडली आणि डबा बंद केला.

शनिवारी ते माळावर आले. मी म्हटलं, चला, पुढे दोरीजवळ जागा आहे. तर ते गर्दीच्या मागे जाऊन शर्यतीकडे पाठ करून उभे राहिले. सगळा जमाव एकीकडे तोंड करून, आणि हे एकटे दुसरीकडे, समोर नुसता बोडका माळ आणि लांबवर पांडवलेणीचा डोंगर. लोक हसत होते. "तू बघ आणि मला सांग," म्हणाले.

मी सांगत गेलो. नऊ घोडे सुटले. पहिल्या कुंपणाला एक पडला. पाण्याच्या चराला आणखी एकानं नकार दिला. मैना मध्ये कुठेतरी, पाचवी. मामा काही विचारत नव्हते, फक्त "कुंपण कितवं?" एवढंच. पाचवं झालं. सहाव्याला त्यांनी माझं मनगट धरलं ते असं, की दोन दिवस वळ राहिला.

"उडाली," मी म्हटलं.

"उडाल्याचं काय सांगतोस. उतरली कशी?"

"सरळ."

"नीट सांग."

"सरळ उतरली, मामा. कललीच नाही."

त्यांनी मनगट सोडलं नाही. पुढची सहा कुंपणं मी काय बडबडलो मला आठवत नाही. घोडी चौथी होती, शेवटच्या कुंपणाला पुढच्या घोड्याचे पाय लागले, तो अडखळला आणि मैना त्याच्या बाजूनं निघाली. तिसरी आली. हातभर अंतरानं, पण तिसरी. कादरभाई दोरी ओलांडून धावत गेला, आणि मी वळून बघतो तर मामा तसेच डोंगराकडे तोंड करून उभे, पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. "चला घरी," म्हणाले. "मामी वाट बघत असेल."

मैना पुण्याला गेली. कादरभाईलाही सौदागरानं बरोबर नेलं. बायकापोरांना त्यानं पुढच्या महिन्यात नेलं. पुढे दिवाळीला त्याचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: मैना मजेत आहे, मीही. आधी ती, मग तो.

खोगिराचं मात्र वेगळंच झालं. मामांनी कादरभाईला बजावलं होतं की घोडी कुठेही जाऊ दे, खोगीर माझ्याकडे परत यायला हवं. सरळ बसणारा माणूस त्यावर बसला तर उलटा कलेल आणि पुन्हा तिचीच पाठ जाईल. पण साहेब काही ते सोडेना. इतकं सुखाचं खोगीर आपल्या बुडाखाली लढाईनंतर कधी आलं नाही, असं म्हणून त्यानं ते पेटीत घालून विलायतेला नेलं. वर मामांना इंग्रजीत शिफारसपत्र लिहून पाठवलं. ते मीच वाचून दाखवलं. "माझ्या हातचं एकच वाकडं काम," मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि प्रशस्तीपत्र त्याला."

मामींना हे इतकं आवडलं की त्यांनी पत्राला चौकट करून घेतली. ती दुकानात कॅशपेटीच्या वर लावली होती. मामा त्या भिंतीकडेही पाठ करून बसायचे.

पण त्याआधी तो सोमवार. गणपतराव वांग्यांची रिकामी पाटी घेऊन आले होते. मामींनी कोठीतून डबा काढून दिला. मी निकाल वाचला: पहिला अमका, दुसरा तमका, तिसरी मैना. मामांनी पट्ट्या एकेक करून काढल्या. बाकीचे अंदाज बरे होते. मैनेची पट्टी डब्याच्या तळाशी राहिली आणि मामा ती उचलीनात. शेवटी गणपतरावांनी ती काढली आणि दिव्यापाशी धरून भोकं मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"सोळा हायेत," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मामा, सोळा तर मेल्या घोड्याला म्हणला होता ना तुम्ही?"

म्हणजे गुरुवारी दुपारी, एवढी खटपट करून, हा माणूस मनातून तिला मेलेलीच धरून बसला होता की काय? मी म्हटलं, "आणि जिंकणार म्हणून पाडली असतील, तर तेही चुकलं. ती तिसरी आली."

मामांनी पट्टी गणपतरावांच्या हातातून घेतली. नेहमीसारखी चाचपली नाही. नुसती मुठीत धरली, आणि डब्याचं झाकण लावून डबा मामींकडे दिला. "यात आता डाळ भर," म्हणाले. मामी तो घेऊन आत गेल्या. त्यानंतर मामांनी खोगिरं पुष्कळ भरली, पण पट्टी पुन्हा कापली नाही.

"चुकलं कसं म्हणतोस, कारकून?" ते मला म्हणाले, आणि मूठ उघडून ती पट्टी माझ्या हातावर ठेवली. "तो अंदाज नव्हताच. मी मागत होतो."